‘मोफत होस्टिंग’ या शब्दाची पार्श्वभूमी

गावातले हौशी नाट्यमंडळ असो, देवस्थान समिती असो किंवा आपल्या कविता जगापुढे मांडू पाहणारा निवृत्त शिक्षक असो, संकेतस्थळाचा विषय निघाला की ‘फुकट जागा कुठे मिळेल?’ हाच प्रश्न आधी येतो. संकेतस्थळाच्या फाइली ठेवण्याची अशी जागा, म्हणजेच होस्टिंग, पूर्वीही मिळत होती आणि आजही मिळते. तिच्यासोबत कोणता हक्क मिळतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत जिओसिटीज ही सेवा सुरू झाली होती. तिथे प्रत्येकाला काही एमबी जागा मिळे आणि आपल्याकडच्या वाड्यांसारख्या विषयवार वस्त्यांमध्ये घर क्रमांकासारखा आकडा मिळे. मराठी पानांना ही जागा अपुरी पडे, कारण युनिकोड (सर्व लिपींसाठीची सामाईक अक्षरपद्धती) रुळण्यापूर्वी एक तर वाचकाला विशिष्ट फाँट बसवून घ्यावा लागे, नाही तर अख्खा मजकूर चित्र म्हणून चढवावा लागे.

1999 मध्ये ही सेवा एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि सेवाशर्तींत सदस्यांच्या मजकुरावर स्वतःला व्यापक हक्क देणारे कलम घातले. सदस्यांनी पाने काढून घेण्यास सुरुवात केल्यावर काही दिवसांतच ते कलम बदलावे लागले. वस्त्यांची जुनी पत्तापद्धतीही त्याच सुमारास मोडली. ऑक्टोबर 2009 मध्ये सेवाच बंद झाली. स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतलेली पाने वाचली, उरलेली गेली. जपानमधील आवृत्ती मात्र मार्च 2019 पर्यंत चालू राहिली.

खरा गोंधळ ‘मोफत’ या शब्दात आहे. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: फाइली ठेवण्याची जागा, वाचक ज्या नावाने येतो तो पत्ता, आणि अर्ज, शोध किंवा डेटाबेस चालवणारी यंत्रणा. यांतली जागा आज जवळपास नगण्य किमतीची आहे, यंत्रणा खर्चीक आहे, आणि पत्ता हा मालकीचा प्रश्न आहे. गोव्यात हे समजावण्यासाठी दूर जावे लागत नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला 1975 च्या कायद्याने बेदखलीपासून संरक्षण दिले. दुसऱ्याच्या उपपत्त्यावर (त्याच्या पत्त्याला जोडून मिळालेल्या नावावर) पान थाटणाऱ्याला असे कोणतेही संरक्षण नाही. शर्ती बदलल्याची सूचना ईमेलने आली, तरी ती पुरेशी मानली जाते. फुकट दिले जाणारे ‘.टीके’ हे टोकेलाऊ बेटांचे डोमेन (पत्त्याच्या शेवटी येणारे नाव) याचे टोकाचे उदाहरण होते: नाव वापरणारा केवळ वापरकर्ता राही आणि नोंदणी मात्र ते नाव देणाऱ्या कंपनीच्याच नावावर असे. फसवणुकीसाठी त्याचा सर्रास वापर झाला आणि 2023 मध्ये नव्या नोंदण्या थांबल्या. माझ्या मते पत्ता फुकट घेणे ही सगळ्यात महागडी काटकसर आहे.

2008 मध्ये आलेल्या गिटहब पेजेस या सेवेने निराळी वाट दाखवली. तयार, स्थिर पाने ती विनामूल्य दाखवते, आणि स्वतः विकत घेतलेला पत्ताही तिला जोडता येतो. संकेतस्थळासाठी 1 जीबी आणि महिन्याला 100 जीबी वहन (वाचकांपर्यंत जाणारा डेटा) ही तिची मर्यादा नाट्यमंडळाला सहसा आड येत नाही. मात्र व्यापारी दुकान चालवण्यासाठी ती नाही. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्रही 2015 अखेरपासून सर्वांना विनामूल्य मिळू लागले, त्यामुळे एक जुना खर्च संपला. यंत्रणा फुकट देणाऱ्या सेवा मात्र आटत गेल्या. हेरोकू या अशाच एका सेवेने नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्या विनामूल्य योजना बंद केल्या, कारण गैरवापर आवरण्याचा भार वाढला होता.

‘.भारत’ या देवनागरी डोमेनची सोय 2014 पासून आहे आणि त्यात मराठीबरोबर कोकणीही आहे. त्याचे वार्षिक शुल्क मात्र द्यावेच लागते. पत्ता विकत घेणाऱ्या मंडळांतही नोंदणी बहुधा एखाद्या उत्साही सदस्याच्या खासगी ईमेलवर होते. कार्यकारिणी बदलली तरी नूतनीकरणाची सूचना त्याच जुन्या ईमेलवर जात राहते.