किऑस्कमधून रोख रक्कम कशी हद्दपार झाली?

पुण्यात आज हॉटेल, हॉस्पिटल किंवा पॅथॉलॉजी लॅबसाठी सेल्फ-सर्व्हिस किऑस्कचे, म्हणजे ग्राहकाने स्वतःच ऑर्डर किंवा नोंदणी करून पैसे भरायच्या यंत्राचे, कोटेशन मागवले की त्यात टचस्क्रीन, ८० मिलिमीटर रुंद पावती छापणारा थर्मल प्रिंटर, क्यूआर आणि कार्डाची सोय असते. नोटा घेणाऱ्या यंत्राची ओळ बहुतेकदा नसतेच आणि घेणाराही विचारत नाही. ग्राहकांना रोख नको होती म्हणून हे झाले, असा समज आहे. प्रत्यक्षात हा निर्णय २०१६ ते २०२० या काळात तांत्रिक अडचणींमधून आणि हिशेबाच्या सोयीतून झाला.

त्याआधीचा प्रवास सर्वांच्या ओळखीचा आहे. रेल्वे स्थानकावर नाणे टाकले की वजनाचे कार्ड देणारे यंत्र, १९८७ मध्ये मुंबईत आलेले देशातले पहिले एटीएम, नंतर पासबुक छापणारी आणि वीजबिल घेणारी यंत्रे. रेल्वेने तिकीट यंत्रांजवळ निवृत्त कर्मचारी मदतनीस म्हणून उभे केले. यंत्र घेताना शेजारच्या माणसाचाही खर्च धरावा लागतो, हे तेव्हाच दिसले होते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर एटीएम नव्या नोटांसाठी जुळवून घेतानाचा गोंधळ सर्वांनी पाहिला. खासगी किऑस्कचे हाल मात्र फारसे कुणी पाहिले नाहीत. नोट घेणारे यंत्र नोटेची लांबी-रुंदी तपासते, तिच्यावर प्रकाश टाकून छपाई वाचते आणि साठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहते. नमुना नसेल तर खरी नोटही बाहेर फेकते. नवी नोट आली की उत्पादकाकडून नवे सॉफ्टवेअर यायला हवे, ते प्रत्येक यंत्रात भरायला हवे आणि पुन्हा चाचणी घ्यायला हवी.

आणि नोटा येतच राहिल्या. २०१६ मध्ये ५०० आणि २०००, २०१७ मध्ये ५० आणि २००, २०१८ मध्ये १० आणि १००, २०१९ मध्ये २०. तीन वर्षांत सात नोटा! शंभराची जुनी नोट १५७ बाय ७३ मिलिमीटरची, नवी १४२ बाय ६६ची. दोन्ही एकाच वेळी चलनात. रुंद मार्गातून अरुंद नोट तिरकी शिरते, रोलर थांबतो, नोट परत येते. ग्राहक तिचे कोपरे सरळ करून पुन्हा घालतो. पावसाळ्यात खिशात दमट झालेली नोट असेल तर तिसऱ्यांदाही तेच, आणि मागे रांग वाढत जाते. एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, हे काम धरले आहे की नाही, यावरून दुकानदार आणि पुरवठादार यांच्यात वाद होणे ओघानेच आले.

याच सुमारास, २०१६ मध्ये, यूपीआय सुरू झाले. १ जानेवारी २०२० पासून त्यावरचे व्यापाऱ्याचे शुल्क शून्य झाले आणि पारडे पूर्ण झुकले. क्यूआरला पैशांची पेटी लागत नाही, किल्ली लागत नाही, रात्री गल्ला मोजावा लागत नाही. काही महिन्यांत करोना आला आणि लोक स्क्रीनला बोट लावायलाही घाबरू लागले. टेबलावरच्या क्यूआर मेन्यूमुळे मुळात किऑस्क हवाच कशाला, असाही प्रश्न निघाला.

रोख नको म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो सुट्ट्या पैशांचा. वीजबिलाच्या यंत्राला जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वळती करता येते. थाळीचे पैसे घेणाऱ्याला तसे करता येत नाही. त्याला सुटे परत देणारे यंत्र लागते आणि ते नुसत्या नोट घेणाऱ्या यंत्रापेक्षा बरेच महाग पडते.

तरीही नोटांच्या बदलांचे कारण आता उरलेले नाही. २०१९ नंतर रोजच्या वापरातल्या नोटांचे आकार स्थिर आहेत. मे २०२३ मध्ये २००० ची नोट मागे घेतली गेली, पण एक नमुना बंद करणे सोपे असते. कारण संपले, निर्णय मात्र तसाच राहिला. हॉस्पिटलच्या केसपेपरसाठी हातात नोटा घेऊन आलेल्या आजींना किऑस्कवरून पुन्हा खिडकीच्या रांगेत जावे लागत असेल, तर ते यंत्र ज्यांना सर्वात जास्त उपयोगी पडले असते त्यांच्याच कामाचे नाही. हे नियोजनातले मोठे अपयश आहे आणि खरेदी करणाऱ्यांनी ते गृहीत धरू नये.

६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली, तेव्हापासून पुणेकरांचा तिकीट यंत्रांशी नित्याचा संबंध आला. खासगी खरेदीत आणखी एक जुना प्रश्न वर आला आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्यावर चालणारी यंत्रे बदलायची की आतला संगणक तेवढा बदलायचा, हे ठरवावे लागत आहे. यंत्राचा पत्र्याचा सांगाडा चांगला असेल तर दुसरा मार्ग स्वस्त पडतो. पुण्याजवळच्या भोसरीत लेझर कटिंग आणि पावडर कोटिंग करणारे कारखाने भरपूर आहेत, तिथे पुढचे दार नव्याने करून घेता येते. पुढे रोख घ्यायची ठरली तर सोय असावी म्हणून त्याच कामात नोट घेणाऱ्या यंत्राच्या मापाची जागा कापून तिच्यावर तात्पुरती पट्टी बसवून घेता येईल, आणि आतल्या बाजूला पैशांच्या पेटीसाठी वेगळे कुलूप.