रेपो दर कोण ठरवतं: संचालक मंडळ की पतधोरण समिती?

गृहकर्जाचा हप्ता उतरला की ‘रिझर्व्ह बँकेच्या बोर्डानं दर कमी केले’ असं सर्रास म्हटलं जातं. वास्तविक रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजानं अल्पमुदतीचे पैसे देते तो दर, ठरवते पतधोरण समिती; बोर्डाचा, म्हणजे संचालक मंडळाचा, त्यात हात नसतो. दोन्हीकडे अध्यक्ष गव्हर्नरच, म्हणून गल्लत होते.

केंद्रीय संचालक मंडळ बँकेइतकंच जुनं. १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली ती खासगी भागधारकांची म्हणून, ५ कोटींच्या भांडवलावर. चिंतामणराव देशमुख गव्हर्नर असताना, १ जानेवारी १९४९ रोजी तिचं राष्ट्रीयीकरण झालं आणि संचालकांच्या नेमणुका सरकारच्या हाती गेल्या. मंडळ बँकेचा कारभार पाहतं: हिशेब, राखीव निधी, सरकारला द्यायची शिल्लक. ऑगस्ट २०१९ मध्ये १,७६,०५१ कोटी रुपये सरकारला देण्याचा निर्णय याच मंडळाचा.

पतधोरण समिती त्या मानानं कालची. आधी दराचा अंतिम शब्द एकट्या गव्हर्नरांचा असे. २०१६ च्या कायदादुरुस्तीनं तो सहा जणांकडे गेला: गव्हर्नर, पतधोरणाचे डेप्युटी गव्हर्नर, मंडळानं नेमलेला बँकेचा एक अधिकारी आणि सरकारनं चार वर्षांसाठी नेमलेले बाहेरचे तिघे. या तिघांना दुसरी संधी नाही. मतं समसमान पडली तर गव्हर्नरांचं जादा मत. महागाईचं लक्ष्य सरकार ठरवतं, ४ टक्के, वरखाली २ टक्के. ते सलग तीन तिमाही हुकलं तर रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी कारणं द्यावी लागतात. २०२२ मध्ये तशी वेळ आलीच. समितीचा निर्णय बँकेवर बंधनकारक असतो. म्हणजे तिथं आपला माणूस पाठवूनही मंडळाला दर फिरवता येत नाही!

कामाची रीतही वेगळी. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्याच बैठकीत समितीनं रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. कुणी काय मत दिलं, का दिलं, हे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी जाहीर करावं लागतं. पुढच्याच महिन्यात, ८ नोव्हेंबरला, नोटाबंदीची शिफारस केली ती मात्र संचालक मंडळानं. त्या बैठकीचं इतिवृत्त लोकांसमोर यायला २०१९ उजाडलं, तेही माहिती अधिकारामुळे. बहुतेक काळा पैसा रोखीत नसून सोन्यात आणि जमीनजुमल्यात आहे, अशी नोंद त्यात आहे. शिफारस तरीही झाली.