सीपीके-एमबी: नाव एक, चाचण्या दोन

सीपीके (क्रिएटिन फॉस्फोकायनेज, थोडक्यात सीके) हे स्नायू, हृदय आणि मेंदूत असणारं एन्झाइम. त्याच्या सगळ्या प्रकारांची रक्तातली बेरीज म्हणजे एकूण सीपीके. मुका मार बसला, दंडात इंजेक्शन घेतलं, फिट आली की ते चढतं. एमबी हा त्यातला इतर स्नायूंपेक्षा हृदयात जास्त सापडणारा प्रकार, म्हणून हार्ट अटॅकचा संशय आला की तो मोजतात. इथवर कोणी चुकत नाही. चूक होते ती एमबी कुठल्या पद्धतीने मोजलं हे न बघितल्यामुळे.

सत्तरीच्या एका आजींचा रिपोर्ट माझ्याकडे आला होता. एकूण सीपीके 110, एमबी 150. एमबी एकूण सीपीकेचाच भाग, मग तो त्याहून मोठा कसा? हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. आकडा ठळक छापून रिपोर्ट गेला आणि मुलगा रात्री अकराला घाबरून विचारत होता, ‘आईला अटॅक येऊन गेला का?’

या एन्झाइमचे दोन तुकडे असतात, एम आणि बी. हातापायांच्या स्नायूंत मुख्यतः एमएम, मेंदूत बीबी. हृदयातही एमएमच जास्त, पण सोबत बऱ्यापैकी एमबी. स्वस्त किटमध्ये अँटिबॉडी टाकून एमचं काम बंद पाडतात. एमएम पूर्ण थंडावतं, एमबी अर्धं. उरलेली बीची क्रिया मोजून तिची दुप्पट करायची, की झालं एमबी. हा हिशोब रक्तात बीबी नाही असं धरून केलेला आहे. आजींच्या रक्तात मात्र मॅक्रो-सीके होतं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन (शरीराचीच अँटिबॉडी) चिकटलेलं बीबी. त्यावर किटमधल्या अँटिबॉडीचा काही परिणाम होत नाही. उरले 75, दुप्पट 150. खरं एमबी त्यात जवळपास नव्हतंच.

मास पद्धतीत क्रिया मोजतच नाहीत. एमबीचा रेणूच अँटिबॉडीने पकडतात आणि नॅनोग्रॅममध्ये सांगतात. त्याच सँपलचं मास आलं 1.8, अगदी नॉर्मल. क्रिया मोजतात ती युनिटमध्ये; युनिट आणि नॅनोग्रॅम यांचं एकमेकांत रूपांतर होत नाही. सकाळी एका लॅबचे 32 युनिट, संध्याकाळी दुसऱ्या लॅबचे 4 नॅनोग्रॅम, आणि फाइलवर शेरा ‘एमबी उतरलं’! हे वाचलं की माझा संताप होतो. रिपोर्टवर पद्धतीचं नाव छापायला एक ओळ लागते.

लालसर, हिमोलाइज्ड म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या सँपलवर क्रियेची चाचणी लावूच नका. तांबड्या पेशींतलं अ‍ॅडेनिलेट कायनेज हे वेगळंच एन्झाइम आकडा फुगवतं. किटमध्ये त्याला रोखणारी रसायनं असतात, पण सँपल फार लाल असेल तर ती पुरी पडत नाहीत.

हार्ट अटॅकसाठी एमबीसोबत ट्रोपोनिनही तपासतात. ट्रोपोनिन एन्झाइमच नाही, ते स्नायूचं आकुंचन ताब्यात ठेवणारं प्रथिन आहे. तेव्हा ‘कार्डिअ‍ॅक एन्झाइम्स’च्या यादीत ते घालू नये. हार्ट अटॅकच्या 2018 च्या जागतिक व्याख्येतही पहिली पसंती ट्रोपोनिनलाच आहे. एकाच प्रकारची चाचणी करणं परवडत असेल तर मीही काही तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिनच करायला सांगेन.

मॅक्रो-सीके वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतं. म्हणून आजींच्या फाइलला मी पहिल्याच पानावर कागद लावून दिलाय: ‘मॅक्रो-सीके आहे. एमबी करायचंच झालं तर मास पद्धतीने.’