मुशीची वाट पाहणारी अळी

प्रवाळखडकांच्या कपारीत राहणारा मोठा हेकरू मासा (ग्रूपर) कापला की पोटात, यकृतावर, कधी थेट मांसात पांढुरक्या गाठी सापडतात. ऑस्ट्रेलियाजवळची ग्रेट बॅरियर रीफ असो की प्रशांत महासागरातलं न्यू कॅलेडोनिया बेट, तिथल्या हेकरूंमध्ये हे नेहमीचंच. गाठ हलक्या हाताने उघडली तर आत एक जिवंत अळी असते. ही ट्रिपॅनोरिंक नावाच्या फीतकृमींची पिल्लं. किळस येणं स्वाभाविक आहे, पण माणसाच्या पोटात हा कृमी प्रौढ होत नाही आणि मासा नीट शिजला की अळी मरते.

हेकरूच्या अंगातही ती मोठी होत नाही. तिला पोचायचं असतं मुशीच्या (म्हणजे शार्कच्या) किंवा पाकटाच्या आतड्यात. प्रौढपण आणि अंडी तिथेच. मुशीच्या विष्ठेतून अंडी समुद्रात पडतात, कोपेपॉडसारखे इवलेसे कवचधारी जीव संसर्ग घेतात, त्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना हेकरू खातो. प्रत्येक घासाबरोबर अळी नव्या माशात शिरून पुन्हा कोष करून बसू शकते. म्हणून थोराड हेकरूत गाठींची गर्दी होते.

तिच्या डोक्याची रचना मला फार विलक्षण वाटते. तिथे चार सोंडा असतात आणि त्यांवर आकड्यांच्या रांगा. एरवी त्या ओढून घेतलेल्या बाहीसारख्या उलट्या होऊन आत असतात. मुळाशी असलेले स्नायूंचे फुगे आवळले गेले की आतल्या द्रवाच्या दाबाने सोंडा सुलट होत बाहेर येतात आणि आकडे मुशीच्या आतड्यात रुततात. आकड्यांची मांडणी प्रजातीगणिक वेगळी, तज्ज्ञ त्यावरूनच कृमी ओळखतात.

आता प्रश्न असा की मुशीच उरल्या नाहीत तर? प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा बेटाभोवती मासेमारी जवळजवळ नाही, मुशी भरपूर आहेत. किरिबाटीतल्या किरितिमाती बेटावर मासेमारी चालते. केविन लॅफर्टी, जेनी शॉ आणि आर्मंड कुरिस या संशोधकांनी दोन्हीकडच्या त्याच पाच जातींचे मासे तपासले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाल्मायराच्या माशांत परजीवींच्या प्रजाती जास्त निघाल्या. ज्या कृमीला जगायला कोपेपॉड, छोटा मासा, मोठा मासा आणि मुशी असे सगळे लागतात, त्याच्या साखळीतली एक कडी तुटली तरी त्याचा वंश थांबतो. माशातल्या अळ्या मोजणं म्हणजे त्या खडकावर कोण कोण अजून पोहतंय याची हजेरी घेणं आहे, आणि प्रवाळ वाचवण्याच्या कामात ती हजेरी घ्यायलाच हवी, असं मला वाटतं.