कासुमिगासेकीचा दरवाजा: जपानी खासगी गोल्फ क्लबची पार्श्वभूमी

जपानमधल्या जुन्या खासगी गोल्फ क्लबवर खेळायला जायचं, तर आधी खेळ नव्हे, ओळख लागते. एखाद्या सदस्याने बोलवावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याने सोबत खेळावंही लागतं. क्लबहाउसमध्ये शिरताना अंगात जॅकेट हवं. नऊ होल, म्हणजे अठरा टप्प्यांच्या मैदानाचा अर्धा भाग, झाले की खेळ थांबवून निवांत जेवायचं, उरलेले नऊ त्यानंतर. सगळं आटोपल्यावर गरम पाण्याच्या मोठ्या हौदात सामायिक अंघोळ. कंपनीच्या कामासाठी गेलेल्या परदेशी पाहुण्याला हे सगळं ‘जपानची जुनी परंपरा’ म्हणून सांगितलं जातं. अंघोळ सोडली तर यातली एकही गोष्ट सव्वाशे वर्षांपलीकडे जात नाही. ही गोष्ट त्या परंपरेची, आणि तोक्योजवळच्या कासुमिगासेकी क्लबची.

जपानमध्ये गोल्फ आणला तो कोबे बंदरातल्या आर्थर हेस्केथ ग्रूम या इंग्रज चहा-व्यापाऱ्याने. ९३१ मीटर उंचीच्या रोक्को डोंगरावर त्याने उन्हाळ्यासाठी घर बांधलं होतं. तिथेच मित्रांना घेऊन १९०१ मध्ये चार होल तयार केले. १९०३ मध्ये ते नऊ झाले आणि कोबे गोल्फ क्लबची रीतसर स्थापना झाली. पुढच्याच वर्षी अठरा झाले. थंडीत डोंगरावर खेळ बंद पडायचा, म्हणून काही जणांनी खाली समुद्राकाठी योकोया इथे दुसरं मैदान काढलं. सदस्य जवळजवळ सगळे परदेशी. जपानी माणूस तिथे असायचा तो कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, म्हणून.

जपान्यांनी स्वतःसाठी काढलेला पहिला क्लब म्हणजे तोक्यो गोल्फ क्लब. त्यामागे जुन्नोसुके इनोउए हा बँकर होता. न्यूयॉर्कला नोकरीत असताना त्याला या खेळाची गोडी लागली. १९१४ मध्ये कोमाझावा इथे भाड्याच्या जमिनीवर मैदान सुरू झालं, तेही सुरुवातीला सहाच होलचं. हाच इनोउए पुढे अर्थमंत्री झाला आणि १९३२ मध्ये अतिरेकी राष्ट्रवाद्यांच्या गोळीला बळी पडला. याच कोमाझावाच्या मैदानावर १९२२ मध्ये ब्रिटनचा युवराज एडवर्ड आणि जपानचा युवराज हिरोहितो एकमेकांबरोबर खेळले. राजघराणं खेळतंय म्हटल्यावर गोल्फ हा वरच्या वर्तुळाचा खेळ झाला. बँकर, राजनैतिक अधिकारी, सरदार घराण्यातली मंडळी, सगळे लंडन-न्यूयॉर्क पाहून आलेले. तिथल्या क्लबांची शिस्त त्यांनी जशीच्या तशी उचलली. जॅकेट, शिफारशीशिवाय प्रवेश नाही, बायकांना मागचं दार, हे सगळं त्या आयातीबरोबर आलं. जपानी मंडळींनी ते इंग्रजांपेक्षा जास्त निष्ठेने सांभाळलं, एवढंच.

आता कासुमिगासेकी. हे नाव ऐकलं की तोक्योतला मंत्रालयांचा भाग आठवतो, पण क्लब तिथे नाही. तो शेजारच्या सैतामा प्रांतात कावागोए शहरात आहे. तिथल्या एका जमीनदाराने जमीन पुढे केली, तोक्योच्या हौशी मंडळींनी क्लब उभारला आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये पूर्वेकडचा कोर्स सुरू झाला. आखणी मुख्यतः किन्या फुजिताची. अमेरिकेत शिकलेला माणूस, स्वतः चांगला खेळाडू. आपण आखलेलं मैदान उत्तमच आहे अशी त्याची समजूत असती तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

डिसेंबर १९३० मध्ये चार्ल्स ह्यू अ‍ॅलिसन हा इंग्लिश आखणीकार जपानला आला. हॅरी कोल्टचा तो भागीदार. त्याला बोलावलं होतं तोक्यो क्लबने. कोमाझावाची भाड्याची जागा सोडून आसाका इथे नवं मैदान करायचं होतं. तो राहिला काही महिनेच, पण तेवढ्यात आसाका, कोबेजवळचं हिरोनो आणि इझु द्वीपकल्पातल्या कावानाचा फुजी कोर्स अशी तीन मैदानं त्याने आखली. शिवाय आधीच्या काही मैदानांत सुधारणा सुचवल्या. त्यात कासुमिगासेकीचा पूर्व कोर्सही होता.

अ‍ॅलिसनच्या सुधारणा पाहायच्या तर पूर्व कोर्सच्या दहाव्या होलवर थांबावं. पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल आहे. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, पाणी ओलांडून मारायचं आणि पलीकडे ग्रीनसमोर, म्हणजे भोक आणि झेंडा असलेल्या बारीक कापलेल्या हिरवळीसमोर, खोल बंकर वाट पाहत असतात. त्याआधी जपानी मैदानांवर बंकर म्हणजे चेंडू सहज काढता येईल असा वाळूचा उथळ खड्डा असायचा. अ‍ॅलिसनने ते खोल खणायला लावले, ग्रीनकडची भिंत उभी ठेवली. आत पडलेल्या खेळाडूला ग्रीनवरचा झेंडाही धड दिसत नाही. जपानी गोल्फर आजही असल्या खोल बंकरला अ‍ॅलिसनच्याच नावाने ओळखतात. काही महिन्यांसाठी आलेल्या सल्लागाराचं नाव शंभर वर्षं मैदानावर राहणं, हे आखणीच्या धंद्यात फार जणांच्या नशिबी येत नाही.

त्याच सुमारास कावानाला सेइइची इनोउए नावाचा तरुण आजारातून उठून हवापालटासाठी राहिला होता (बँकर इनोउएशी गल्लत नको). तिथे अ‍ॅलिसनचं काम पाहून तो या वेडात पडला, फुजिताच्या हाताखाली शिकला आणि कासुमिगासेकीच्या पश्चिम कोर्सवर त्याने हात बसवला. हा दुसरा कोर्स १९३२ मध्ये सुरू झाला. पुढे इनोउए जपानचा सर्वांत नावाजलेला आखणीकार झाला. जपानी गोल्फ मैदानांची ओळख ज्या माणसामुळे झाली, त्याची शाळा कासुमिगासेकी होती असं म्हणायला हरकत नाही.

युद्धाने हे सगळं मोडलं. गोल्फ शत्रूचा खेळ ठरला. तोक्यो क्लबचं आसाकाचं नवंकोरं मैदान १९४० च्या सुमारास लष्कराने घेतलं आणि अ‍ॅलिसनचं तिथलं काम कायमचं गेलं. कासुमिगासेकीचं मैदान युद्धानंतर अमेरिकन फौजेच्या ताब्यात गेलं आणि पन्नाशीच्या दशकात सदस्यांकडे परत आलं.

त्यानंतर पाचच वर्षांत तिथे जे घडलं, त्यामुळे गोल्फ हा खेळ क्लबच्या भिंतींबाहेर पडला. ऑक्टोबर १९५७ मध्ये पूर्व कोर्सवर कॅनडा कप ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ३० देशांच्या जोड्या, त्यात अमेरिकेचे दिग्गज सॅम स्नीड आणि जिमी डेमॅरेट. तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो या जपानी जोडीने अमेरिकेला नऊ स्ट्रोकनी (फटक्यांनी) मागे टाकलं. वैयक्तिक विजेतेपदही नाकामुरालाच. तो कॅडीगिरी करत मोठा झालेला. सामना टीव्हीवर दिसला आणि ज्या खेळाकडे लोक साहेबांचं खूळ म्हणून पाहत होते, त्यासाठी कारकून सरावाच्या जाळीत रांगा लावू लागले.

इथून पुढे पैशाची गोष्ट सुरू होते, आणि ती फारशी शोभेची नाही. मैदान बांधायच्या आधीच सदस्यांकडून मोठी अनामत रक्कम घ्यायची, ठरावीक वर्षांनी परत द्यायचं वचन द्यायचं, मधल्या काळात ते सदस्यत्व बाजारात विकायला मोकळीक, अशी पद्धत रुळली. सदस्यत्वाचे भाव शेअरसारखे चढू-उतरू लागले, दलाल आले. ऐंशीच्या दशकाअखेर जमीन आणि शेअरच्या भावांचा फुगा टम्म फुगला तेव्हा तोक्योजवळच्या कोगानेइ क्लबच्या एका सदस्यत्वाचा भाव ४० कोटी येनच्या वर गेला होता. नव्वदीत फुगा फुटला, लोक अनामत परत मागायला आले आणि शेकडो मैदानांचं दिवाळं निघालं. त्यांतली बरीच अमेरिकन गुंतवणूकदारांनी पडत्या भावात घेतली. कासुमिगासेकी हा सदस्यांच्या संस्थेचा क्लब, त्यामुळे तो या वावटळीतून तगला. पण ‘ओळखीशिवाय प्रवेश नाही’ या नियमाला जी चमक आली ती याच काळात. दार जितकं बंद, तितका भाव जास्त.

त्या दारावर धक्का बसला तो ऑलिंपिकमुळे. तोक्यो ऑलिंपिकच्या गोल्फसाठी कासुमिगासेकीची निवड झाली आणि २०१६ मध्ये टॉम फाझिओ आणि त्याचा मुलगा लोगन यांनी पूर्व कोर्स नव्याने घडवला. प्रत्येक होलला दोन ग्रीन असण्याची जुनी जपानी सोय त्यात गेली. जपानचा उन्हाळा थंड हवेच्या बेंट गवताला सोसत नाही आणि हिवाळ्यात स्थानिक कोराई गवत पिवळं पडतं, म्हणून ही जोडी ठेवलेली असायची.

गवत बदलणं सोपं होतं. स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व नाही आणि रविवारी खेळायला बंदी, या क्लबच्या नियमावर जानेवारी २०१७ मध्ये तोक्योच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला. ऑलिंपिक समितीनेही स्थळ बदलण्याचा इशारा दिला. मार्चमध्ये क्लबच्या संचालक मंडळाने नियम बदलला. क्लबच्या सदस्यांत मतपरिवर्तन झालं म्हणून नव्हे, स्पर्धा हातची जाईल म्हणून. हे उघड होतं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर बंगळुरूची अदिती अशोक शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत होती आणि एका स्ट्रोकने चौथी आली. आपल्याकडे ज्यांनी कधी गोल्फ पाहिला नव्हता त्यांनीही त्या शनिवारी सकाळी टीव्ही लावला होता. पुरुषांत पुण्याचा उदयन माने खेळला होता.

पाहुण्यासाठी मात्र रीत जवळपास तीच आहे: सदस्याचं बोलावणं, जॅकेट, मधलं जेवण. नवी म्हणावी अशी एक सोय आहे. १९८४ पासून कुरियर कंपन्या गोल्फची बॅग घरून थेट क्लबवर पोचवतात, त्यामुळे मंडळी ट्रेनने रिकाम्या हाताने येतात. आणि बिलात एक ओळ हमखास सापडते, गोल्फ मैदान वापराच्या कराची. खेळ चैनीचा समजला जायचा त्या काळातला हा कर, माणशी दिवसाला १,२०० येनपर्यंत. तो रद्द करा अशी मागणी वारंवार होते, पण ७० टक्के रक्कम स्थानिक पालिकेला मिळत असल्याने पालिका तो सोडायला तयार नाहीत. सत्तरी गाठलेल्यांना मात्र तो माफ आहे, आणि जुन्या क्लबांवर असे खेळाडू थोडेथोडके नाहीत.