एक गड, एक रात्र, साठ माणसं: कमी पैशांतल्या शिवकालीन चित्रपटांवरच्या वादाची पार्श्वभूमी

नवा शिवकालीन मराठी चित्रपट लागला की पहिल्याच शनिवार-रविवारी प्रेक्षकांचे दोन तट पडतात. एक शेवटच्या प्रसंगाला थिएटरात उभं राहून शिवगर्जना देणाऱ्यांचा, दुसरा ‘घोडे बघितलेस का, मोबाइलच्या गेममधले वाटतात’ म्हणणाऱ्यांचा. कित्येकदा दोन्ही तट एकाच घरात नांदतात. ‘फर्जंद’ १ जून २०१८ ला आला तेव्हापासून हा वाद थोड्याफार फरकाने तसाच चालू आहे. पुढे ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२), ‘सुभेदार’ (२०२३) असे त्याच चमूचे चित्रपट आले. आठ चित्रपटांची मालिका करायची, हा बेतही जाहीर झाला. वाद मात्र पुन्हा पुन्हा व्हीएफएक्सवरच, म्हणजे संगणकावर केलेल्या दृश्यांवरच, येऊन थांबतो.

त्यामागे वेळेचा दुर्दैवी योग आहे. ‘फर्जंद’च्या तेरा महिने आधी ‘बाहुबली’चा दुसरा भाग येऊन गेला होता आणि किल्ला म्हणजे काय दिसलं पाहिजे, याची नवी मोजपट्टी प्रेक्षकांच्या डोळ्यांत बसली होती. दुसरीकडे, २००८ पासून छोट्या पडद्यावरच्या शिवकालीन मालिकांनी घराघरांत सेटवरचा दरबार सवयीचा केला होता. मोठ्या पडद्यावरचा चित्रपट या दोन्हींच्या मधल्या पैशांत करायचा होता. मग जानेवारी २०२० मध्ये हिंदीत ‘तान्हाजी’ आला, तिकीटबारीवर अडीचशे कोटींच्या पलीकडे गेला, आणि तुलना करायला आपल्याच मातीतला विषय मिळाला.

पण पैशांच्या चणचणीने पहिला निर्णय घेतला तो घोड्यांचा किंवा गडांचा नव्हता. कोणती गोष्ट सांगायची, हा होता. पहिल्या पाच चित्रपटांचे प्रसंग पाहा. कोंडाजी फर्जंदाने साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला तो मार्च १६७३ मध्ये, रात्री. लाल महालावरचा छापा ५ एप्रिल १६६३ चा, रात्रीचा. पन्हाळ्याचा वेढा फोडून निघणं १२ जुलै १६६० च्या रात्री, आणि दुसऱ्या दिवशी खिंडीतली झुंज. सिंहगड ४ फेब्रुवारी १६७०, पुन्हा रात्रच. प्रतापगड तेवढा दिवसाउजेडीचा, पण तिथेही गाभा शामियान्यातल्या मोजक्या माणसांचा. साठ माणसं उभी करता येतात, आणि अंधारात साठाची सहाशेही भासवता येतात. साल्हेरची फेब्रुवारी १६७२ ची लढाई मोकळ्या मैदानातली, हजारो घोडदळाची. १६७७ ची दक्षिणेची मोहीम जिंजीपर्यंत जाते. या दोन्ही त्या पाचांत नाहीत. नव्या प्रेक्षकांना शिवकाळ म्हणजे छापे आणि बलिदानं एवढाच वाटू लागला असेल, तर त्याला लेखकाच्या आवडीइतकीच हिशेबाची वहीही जबाबदार आहे. महसूल, आरमार, न्यायनिवाडा यांचे प्रसंग खरं तर फारसे महाग नाहीत. पण त्यांच्यावर ट्रेलर कापता येत नाही.

रात्रीची ही ओढ जुनीच. १९२३ च्या मूकपट ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिव्यांचा वापर झाला आणि भारतीय चित्रपटात तो पहिला मानला जातो. तो काढणारी कंपनी कोल्हापूरची, आणि पन्हाळा तिथून जेमतेम वीस किलोमीटर. १९३० मध्ये ‘स्वराज्य तोरण’ या नावाला सेन्सॉरने हरकत घेतली, म्हणून तो चित्रपट ‘उदयकाल’ होऊन आला. १९५० आणि ६० च्या दशकांत कोल्हापुरातून ऐतिहासिकपट निघत राहिले. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत स्टुडिओ जळूनही निघत राहिले. त्यानंतर तमाशापट आणि विनोदीपटांनी पडदा व्यापला आणि शिवकाळ हत्ती-घोड्यांसह महानाट्याच्या मैदानात गेला. तो पुन्हा जोमाने थिएटरात यायला २०१८ उजाडावं लागलं.

आता गडांकडे येऊ, कारण प्रेक्षकांची सगळ्यात कडवट तक्रार तिथली आहे. ‘महाराष्ट्रात एवढे खरे गड असताना संगणकावरचे कशाला?’ प्रश्न बिनतोड वाटतो. ट्रेकला जाणाऱ्या माणसाच्या तोंडून आला की जास्तच. त्याने राजगडाची संजीवनी माची स्वतःच्या पायांनी पाहिलेली असते. पडद्यावरची माची खोटी आहे, हे त्याला लगेच ओळखू येतं.

अडचण अशी की खरा गड आज १६६० चा दिसत नाही. रायगडावरचे वाडे १८१८ च्या मे महिन्यातल्या इंग्रजांच्या तोफमाऱ्यात आणि आगीत गेले. उरली ती जोती, भिंती आणि पायऱ्या. तिथे दरबार भरवायचा तर छप्परापासून सगळं उभारावं लागेल, आणि संरक्षित स्मारकात ते करता येत नाही. पन्हाळा हे आज नगरपरिषद असलेलं गाव आहे: हॉटेलं, गाड्या, विजेच्या तारा. तीन दरवाजा आणि अंबरखाना भक्कम उभे आहेत, पण कॅमेरा हातभर वळवला की फ्रेममध्ये कुणाचा तरी पाण्याचा टँक येतो. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. पुण्यातला मूळ लाल महाल तर कधीच गेला. आज दिसतो तो महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेला, आणि दारात दिवसभर वाहतुकीची कोंडी. शास्ताखानाची बोटं तिथे कशी छाटणार?

बरं, परवानगीचं काय? रायगड, पन्हाळा, शिवनेरी, लोहगड, सिंधुदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याकडे. चित्रीकरणासाठी आधी अर्ज, शुल्क, अटी. वास्तूला धोका पोचेल असं काहीही नको, आणि लढाईच्या प्रसंगाला मशाली, धूर, दोर आणि शंभर माणसांची धावपळ लागतेच. त्यात आषाढातला पाऊस. सामान, जनरेटर, जेवणाची भांडी गडावर चढवायची आणि पावसाच्या लहरीपायी दिवस फुकट. हाताशी मोजके चित्रीकरणाचे दिवस असलेला निर्माता हा जुगार खेळत नाही. तो खाली सेट लावतो, वर ड्रोनने खऱ्या डोंगराचा एक शॉट घेतो आणि उरलेलं संगणकावर सोडतो. जुलै २०२५ मध्ये बारा गड जागतिक वारसा यादीत गेले. आनंदाची गोष्ट, पण यापुढे तिथे मशाली घेऊन धावणं सोपं होईल, अशी आशा कुणी धरू नये.

माझ्या मते हा निर्णय चुकीचा नव्हता. चुकलं ते प्रमाण. सेटवरचा दरवाजा जवळून खरा वाटतो, मशालीच्या उजेडात तर फारच. दिग्दर्शकाला लांबून अख्खा गड दाखवायचा मोह होतो तेव्हा घात होतो. ते पाच-सात सेकंदांचे शॉट नसते तर कुणाचं काही अडलं नसतं, आणि नेमके तेच लोक पॉज करकरून एकमेकांना पाठवतात. १९५० च्या दशकातल्या चित्रपटांत रंगवलेले पडदे होते, त्यांना कुणी हसलं नाही. तेव्हा तुलनेला ‘बाहुबली’ नव्हता, आणि पॉजचं बटणही नव्हतं.

प्रेक्षकांचे बाकीचे आक्षेप इतके गुंतागुंतीचे नाहीत, आणि काही शंभर टक्के खरे आहेत. संथगतीतल्या वारांची संख्या निम्मी केली तर चित्रपट वीस मिनिटांनी आटोपेल. संवाद टाळीसाठी लिहिलेले. चोरपावलांनी कडा चढणारा मावळा वर पोचायच्या आत एवढा ओरडतो कसा, हा प्रश्न शाळकरी मुलंही विचारतात. शिवाय तेच चेहरे: कोंडाजी झालेला नट पुढे येसाजी कंक होतो, मग रायाजी बांदल, बाजीप्रभू म्हणून पडलेला नट पुढच्याच वर्षी तानाजी म्हणून पडतो. काहींना ही नाटक कंपनीसारखी घरोब्याची गंमत वाटते, काहींना गोंधळ. पैसे वाचतात हे नक्की, आणि तलवारबाजीची तालीम आधीच झालेली असते हा वरचा फायदा.

२०२२ च्या दिवाळीत वादाचा सूर बदलला. ‘हर हर महादेव’मध्ये महाराज आणि बाजीप्रभू यांच्यात झुंज दाखवली होती, त्यावर आणि इतर काही प्रसंगांवर आक्षेप आले, ठाण्यात खेळ बंद पाडला गेला, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. तोपर्यंत ‘घोडा खोटा आहे’ एवढ्यावर असलेलं बोलणं ‘इतिहास खोटा आहे’वर आलं. हा चित्रपट वर सांगितलेल्या मालिकेतला नव्हता, चमूही वेगळा. पण प्रेक्षकांच्या आठवणीत सगळ्यांची मोट एकत्र बांधली गेली, आणि तेव्हापासून कुठलाही शिवकालीन चित्रपट यायच्या आधी ट्रेलरची फ्रेम न फ्रेम तपासली जाते. त्याआधीची प्रेक्षकांची माया आठवली की फरक कळतो. ‘पावनखिंड’ आधी ‘जंगजौहर’ या नावाने जाहीर झाला होता. २०२१ मध्ये नाव बदललं, तेव्हा बहुतेकांनी नव्या नावाचं स्वागतच केलं.

पैसा आला की वाद मिटतो, हा समजही २०२५ च्या जानेवारीत गेला. संभाजी महाराजांवरच्या ‘छावा’ या मोठ्या हिंदी चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये लेझीम नृत्य दिसलं, महाराष्ट्रातून हरकत आली आणि प्रदर्शनाआधीच ते दृश्य काढण्यात आलं. घोडे, गड, जमाव, सगळं देखणं होतं. १४ फेब्रुवारीला तो लागला आणि देशात पाचशे कोटींच्या पुढे गेला. त्याच विषयावरचा ‘शिवरायांचा छावा’ हा मराठी चित्रपट जवळपास वर्षभर आधी, १६ फेब्रुवारी २०२४ ला येऊन गेला होता. हिंदी बघून आलेल्यांपैकी काहींनी तो नंतर शोधून पाहिला, आणि पुन्हा तेच दोन तट पडले.