काचेवर कुंकू आणि पहिली लेन्स

दसऱ्याच्या दुपारी भाचीचा फोन आला. "मावशी, आईने कॅमेऱ्याची पूजा केली आणि कुंकवाचं बोट थेट लेन्सच्या काचेवर टेकवलं! आता प्रत्येक फोटोत लाल ठिपका येणार." कॅमेरा तिने पहिल्या दोन पगारांतून घेतलेला: सेकंड-हँड निकॉन डी५६००, सोबत १८-५५ मि.मी.ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी. मी म्हटलं, "पुसायच्या आधी एक फोटो काढून पाठव." फोटो आला. देव्हारा, झेंडूची माळ, आपट्याची पानं. ठिपका कुठेच नाही.

शाळेत दहावीला प्रकाश शिकवताना मी दर वर्षी एक प्रश्न टाकायचे. बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर पडद्यावर मेणबत्ती अर्धीच दिसेल का? बहुतेक वर्ग ठणकावून 'हो' म्हणायचा. प्रयोग केला की चेहरे बघण्यासारखे व्हायचे, कारण मेणबत्ती पूर्ण दिसते, फक्त मंद. ज्योतीच्या टोकावरून निघालेले किरण भिंगभर पडतात आणि भिंगाचा प्रत्येक भाग त्यांना वळवून पडद्यावरच्या त्याच एका बिंदूपाशी आणतो. अर्धं भिंग झाकलं तरी उरलेलं अर्धं सगळी मेणबत्ती रंगवतं, निम्म्या उजेडात. कुंकवाच्या ठिपक्याने तेवढ्यापुरता उजेड अडवला, इतकंच. (लेन्सच्या आतलं, प्रकाश सोडणारं छिद्र अगदी बारीक करून, १८ मि.मी.वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढला तर पुसट सावली दिसू शकते. आणि कुंकू कापडाने घासू नये, कणांनी काचेवरचा पातळ लेप ओरखडतो. आधी ब्लोअरने फुंकर.)

कमी पैशात लेन्स निवडायची तर हीच गोष्ट डोक्यात ठेवावी. आपण भिंगाचं क्षेत्रफळ विकत घेत असतो. दुकानात मात्र भाव लांबीचा, म्हणजे मि.मी.च्या आकड्याचा चालतो. भाचीला दुकानदार म्हणाला होता, "ताई, ७०-३०० पण घेऊन टाका, चंद्रावरचे खड्डे दिसतील." दिसतात, खोटं नाही. पण पोरीला फोटो काढायचे होते आजीचे, मांजराचे आणि घरच्या गणपतीचे.

लेन्सवर छापलेला एफ-नंबर म्हणजे नाभीय अंतर (तोच मि.मी.चा आकडा) भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. भागाकार असल्यामुळे आकडा लहान तितकं छिद्र मोठं. किट लेन्स ५५ मि.मी.वर एफ ५.६ देते, म्हणजे छिद्र जेमतेम १० मि.मी., काबुली चण्याएवढं. ५० मि.मी. एफ १.८ या लेन्सचं छिद्र २८ मि.मी.च्या आसपास, दहाच्या नाण्यापेक्षा किंचित मोठं. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणूनच १.४, २, २.८, ४, ५.६ ही विचित्र रांग: दर पायरीला आकडा सुमारे १.४ पटीने वाढतो आणि उजेड निम्मा होतो. ५.६ला १.८ने भागून वर्ग केला की येतात जवळपास पावणेदहा. संध्याकाळच्या आरतीला आयएसओ (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ठेवून किट लेन्सला १/१५ सेकंद लागत असतील, तर १.८ला १/१४५ पुरतं. १/१५मध्ये टाळ्या वाजवणाऱ्या आजीचे हात म्हणजे नुसता धूर. किट लेन्सचं 'व्हीआर' आपला हात हलला तर सावरून घेतं, आजीचा नाही.

मग ही ५० एफ १.८ इतकी स्वस्त कशी? माझं प्रेम इथे आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

एकच जाड भिंग घेतलं तर कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा जास्त वळतात आणि बिंदूचा डाग होतो. भिंगाच्या गोल पृष्ठभागामुळे येणारा हा दोष छिद्राच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात फुगतो. एफ १.८वरून एफ १.२वर गेलात तर प्रकाश सव्वादोन पट मिळतो, पण डाग जवळजवळ ३.४ पट होतो. त्याशिवाय चित्राच्या कडेला बिंदूंना धूमकेतूसारखी शेपटी फुटते, सरळ रेषा वाकतात, लाल आणि निळी प्रतिमा वेगवेगळ्या आकाराची पडते.

यावरचा तोडगा गणितज्ञ गाउसच्या दुर्बिणीतून आला. त्याने १८१७ मध्ये दुर्बिणीसाठी वाटीसारख्या दोन भिंगांची जोडी सुचवली. १८८८ मध्ये अल्वन क्लार्कने तशा दोन जोड्या समोरासमोर ठेवल्या, आणि १८९६ मध्ये झाइस कंपनीत पाउल रुडॉल्फने त्यातल्या आतल्या वाट्या जाड करून 'प्लानार' रचली. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून धरा, मधल्या पोकळीत छिद्राचा पडदा बसवा, बाहेरच्या दोन्ही बाजूंना एकेक फुगीर भिंग द्या: झाली रचना. गंमत समरूपतेची आहे. पुढच्या निम्म्या भागाने किरणाला जी शेपटी उजवीकडे दिली, तीच मागचा उलटा भाग डावीकडे देतो आणि दोन्ही फिटतात. रेषांचं वाकणं आणि रंगांचं फाटणंही तसंच. एरवी या दोषांसाठी वेगळी, महागडी काच घालावी लागते. इथे नुसत्या मांडणीने काम भागतं.

तरी प्लानार कित्येक वर्षं मागे पडली. हवा आणि काच भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. प्लानारला असे ८ पृष्ठभाग. ०.९६चा आठवा घात करून बघा, २८ टक्के प्रकाश वाटेतच गेला, आणि त्यातला काही आतल्या आत आपटून चित्रावर धुकं पसरवायचा. १९३५ मध्ये झाइसच्याच स्माकुलाने काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही पातळ लेप चढवला. लेपाच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात. आपल्या लेन्सच्या काचेत जांभळी-हिरवी झाक दिसते ती या लेपांची. मग प्लानारला दिवस आले. निकॉनची जुनी ५० एफ १.८ 'डी' लेन्स याच घराण्यातली: सहाच भिंगं, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. आजची ५० एफ १.२ची निकॉन झेड लेन्स उघडली तर १७ भिंगं, आणि वजन किलोच्या वर.

स्वस्ताईचं आणखी एक कारण म्हणजे आरसा. निकॉनच्या एसएलआरमध्ये, म्हणजे डी५६००सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मि.मी. अंतर लागतं, आरसा हलायला. ५० मि.मी.ची साधी लेन्स तिथे सहज बसते. २४ किंवा २० मि.मी.ला मात्र पुढे अंतर्वक्र भिंगं घालून प्रतिमा मागे ढकलावी लागते, आणि समरूपता तिथेच मोडते. रुंद दृश्य घेणाऱ्या वाइड लेन्स महाग पडतात त्या अशा.

इथे बरेच जण पटकन ५० घेऊन येतात आणि फसतात. डी५६००चा सेन्सर २३.५ मि.मी. रुंद आहे. ३ मीटरवरून ५०ने जेमतेम १.४ मीटर रुंदी मावते: दोन माणसं, तिसऱ्याचा खांदा छाटलेला. आमच्यासारख्या वन बीएचकेमध्ये मागे सरकायला जागा कुठली? ३५ मि.मी.ने तिथेच २ मीटर मावतं. मी भाचीला सांगितलं, झूम रिंग ३५वर फिरवून चिकटपट्टी लाव. एक आठवडा तशीच वापर, दुसरा आठवडा ५०वर. यात पैसे पडत नाहीत.

सेकंड-हँड घेताना मात्र डोळे उघडे हवेत. मघाची 'डी' लेन्स स्वस्त मिळते, पण तिच्यात मोटर नाही आणि डी५६००च्या बॉडीतही नाही, म्हणजे फोकस कायम हाताने. लेन्सवर 'एएफ-एस' अक्षरं बघून घ्यावी, म्हणजे आत मोटर आहे. मागून टॉर्च मारून आत पाहावं. धूळ दिसली तर घाबरू नये, कारण ती कुंकवासारखीच. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर लेन्स ठेवून यावं. ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती हमखास धरते, लेप खाते आणि प्रकाश विखरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल हा त्यावरचा उपाय.

आणि यूव्ही फिल्टर. फिल्मला अतिनील प्रकाशाचा त्रास व्हायचा. डिजिटल सेन्सरसमोर तो अडवणारी काच आधीच असते. दुकानदार तरी प्रत्येक लेन्सला बांधून देतो, बाळाच्या मनगटाला काळा दोरा बांधावा तसा. आरतीचा फोटो काढला की त्या सपाट काचेमुळे निरांजनाच्या ज्योतींची फिकट हिरवी भुतं चित्रात उमटतात. भुतं असतात ती एवढीच.

भाचीचा ५०चा आठवडा चौथ्याच दिवशी संपला. तिने २००९ची ३५ एफ १.८ डीएक्स (तिच्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) घेतली, बोरा बाजारातून, टॉर्च मारून. मांजर आता पळतानाही स्पष्ट येतं, निदान तोंडाकडून. पुढच्या दसऱ्याला कुंकू लेन्सच्या कॅपवर लावायचं, असं आईशी ठरलंय.